बांबूच्या सुताची बाही

माझा उजवा हात वाफेने भाजला तेव्हा आमचं जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. मी इंजिन रूममध्ये ऑइलर होतो, यंत्रांचं तेलपाणी बघणारा. एका व्हॉल्व्हचं पॅकिंग बदलायचं होतं. वाफेची लाइन बंद आहे असं मला सांगितलं होतं आणि ती बंद नव्हती. बोटांपासून खांद्यापर्यंत सगळा हात गेला, मानेची एक बाजू गेली. तिथल्या हॉस्पिटलात दीड महिना काढला. माझ्याच मांडीची कातडी काढून हातावर बसवली आणि मग मला घरी पाठवून दिलं. बावीस वर्षं समुद्रावर काढून मी हातखंब्याच्या नाक्यावर उतरलो तेव्हा माझ्याजवळ औषधांची एक पिशवी आणि एक फाइल एवढंच होतं. न्यायला थोरला भाऊ आला होता. त्याने माझ्या हाताकडे बघितलं नाही. पिशवी रिक्षात ठेवली आणि म्हणाला, "चल. घरी जेवायचे थांबलेत."

आमची वाडी रत्नागिरी शहराबाहेर, रिक्षाने वीस मिनिटांवर. भावाचं घर आणि माझं घर एकाच खळ्यात, म्हणजे अंगणात, समोरासमोर. माझ्या घरात बायको आणि मुलगी. मुलगी तेव्हा कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती.

जखमा भरल्या, पण मूठ मिटेना. बोटं अर्धवट वाकलेली, खेकड्याच्या नांगीसारखी. पेला धरता येत नव्हता, शर्टाचं बटण लागत नव्हतं, आणि नवी कातडी इतकी हळवी होती की शर्टाची शिवण घासली तरी डोळ्यांत पाणी यायचं. शहरात एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे मला नेत. वयाने माझ्या मुलीहून थोड्या मोठ्या, पण बोलणं हेडमास्तरणीचं. त्यांनी रबराचा चेंडू दिला आणि दिवसातून शंभरदा दाबायला सांगितलं. मी आठ दिवस दाबला आणि नवव्या दिवशी खळ्यात फेकून दिला. कुत्रं घेऊन गेलं.

"मग दुसरं काहीतरी करा," बाई म्हणाल्या. "बोटं हलली पाहिजेत. तुम्हाला आवडतं काय?"

"इंजिन," मी म्हटलं.

बायको शेजारी बसली होती. तिने थट्टेच्या सुरात विचारलं, "ह्यांना विणायला शिकवू काय?"

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "शिकवा. आजच सुरू करा."

बायको बुरोंडीची. तिथल्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलींना विणकाम होतं, त्यात तिने एक टोपडं विणलं होतं, आणि पुढे मुलीच्या वेळेला दुसरं. तेवढंच तिचं भांडवल. माळ्यावरून तिने स्टीलच्या दोन सुया आणि लाल लोकरीचा एक गुंडा काढला. दहा टाके घालून दिले आणि माझ्या मागे उभी राहून, माझ्या हातावर हात ठेवून पहिली ओळ विणून घेतली. सुई आत, धागा वरून, ओढ, सोड. सुलट टाका. सकाळी नऊला बसलो तो ती ओळ माझ्या एकट्याच्या हाताने पुरी व्हायला जेवणाची वेळ झाली. घामाने बनियन भिजलं होतं. मी ती ओळ वीस वेळा बघितली असेल.

अडचण लोकरीची होती. ती कातडीला लागली की मुंग्या चावल्यासारखं व्हायचं. बाजारातून दुसरी आणली, ती निघाली अॅक्रिलिकची. ती चावत नव्हती, पण आमच्या हवेत, वैशाखात, ती हातात धरणं म्हणजे उकळत्या भांड्यावरचं फडकं धरणं. दुकानदार म्हणाला, "कोकणात विणायला कोण बसतो हो? गिऱ्हाईकच नाही, तर माल कशाला ठेवू?"

शेवटी मुलीने फोनवर शोधून बांबूचं सूत मागवलं. पार्सल आलं, मी लड हातात घेतली, आणि पहिल्यांदा त्या भाजलेल्या तळव्याला काहीतरी बरं वाटलं. थंड होतं ते. माठाला बाहेरून हात लावल्यावर लागतं तसं. मऊ, जड, जरासं चकाकणारं. रंग कच्च्या काजूगरासारखा. मी ती लड गालाला लावली तेव्हा मुलगी हसली आणि लगेच तोंड फिरवून आत गेली.

पण ते सूत सोपं नव्हतं. स्टीलच्या सुयांवरून टाके असे घसरायचे, जसे काही त्यांना पळूनच जायचं होतं. एक टाका सुटला की खाली पाच ओळी उसवत जायच्या. धाग्याचे पदर सुटे व्हायचे आणि सुईचं टोक नेमकं दोन पदरांच्या मधे घुसायचं. मी परसातला चिवा, म्हणजे बारीक बांबू, तोडला, सुकवला, सोलून सुया केल्या, पॉलिश पेपरने घासल्या, खोबरेल लावून पुसल्या. डाव्या हाताने जास्त, उजव्याने जमेल तेवढं. त्या सुयांवर टाके थांबले.

पहिली विणली ती बाही. फक्त एक बाही, मनगटापासून खांद्यापर्यंत, सैल. ती आत घालून वरून शर्ट चढवला तर शिवण घासत नव्हती. फिजिओथेरपिस्ट बाईंनी ती उलटसुलट करून बघितली, माझ्या डॉक्टरांना फोन केला, आणि म्हणाल्या, "घाला खुशाल. दुसरी विणा, धुवायला टाकल्यावर लागेल."

मग मी एक बंडी विणली. दोन महिने लागले. धुऊन, पिळून, दोरीवर वाळत घातली आणि शहरात गेलो. परत आलो तर बंडी गुडघ्यापर्यंत आलेली. ओलं झालं की हे सूत कमजोर पडतं, आणि स्वतःच्याच वजनाने लांबत जातं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बायको ती अंगाला लावून खळ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, मला मॅक्सी पाहिजे होतीच." आम्ही दोघं इतके हसलो की समोरून वहिनी बाहेर आली. अपघातानंतर त्या घरात तसं हसणं पहिल्यांदाच झालं. तेव्हापासून मी घट्ट वीण धरतो, आणि धुतलेलं टॉवेलवर आडवं पसरून वाळवतो. पावसाळ्यात चार दिवस लागतात. लागू देत.

हे सूत बनतं कसं, तेही मी शोधून वाचलं. लेबलवर लिहिलेलं असतं नैसर्गिक, हिरव्या पानाचं चित्र असतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवतात, रसायनात विरघळवतात, मग बारीक भोकांतून आम्लात सोडतात, तेव्हा तो धागा होतो. आणखीही अशी सुतं आहेत, निलगिरीच्या लाकडाची, बीच नावाच्या परदेशी झाडाच्या लाकडाची. मी बॉयलरच्या पाण्यात कॉस्टिक घातलेला माणूस. ते काय असतं ते माझ्या हाताला माहीत आहे. म्हणून मी कोणाला हे झाडावरून उतरवलेलं सूत आहे असं सांगत नाही. अर्धं झाडाचं आहे, अर्धं कारखान्याचं. भाऊ एकदा म्हणाला, "म्हणजे नकलीच की." मी म्हटलं, "माझ्या हातावरची कातडीपण मांडीची आहे. नकली म्हणून काढून टाकू?" तो उठून गेला.

वर्ष-सव्वा वर्षाने मूठ मिटली. बाईंनी माझ्याकडून पेला उचलून घेतला, बटणं लावून घेतली आणि फाइल बंद केली. "आता इथे यायचं नाही," म्हणाल्या. मी घरी आलो आणि अर्धवट राहिलेलं विणकाम हातात घेतलं.

बोलणं तिथून सुरू झालं.

तोवर कोणाची हरकत नव्हती. भाऊ स्वतःच सगळ्यांना सांगायचा, डॉक्टरांनी सांगितलंय, व्यायाम आहे. वाडीतले पुरुष येता-जाता विचारायचे, "काय, चालू काय औषध?" आता हात बरा झाला होता. मी जेटीवर एका वर्कशॉपात बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागलो होतो. आणि संध्याकाळी पडवीत बसून विणत होतो. ते कोणाला पटेना. सलूनमध्ये मी शिरलो की एकजण म्हणायचा, "काकी आली, जागा द्या." रिक्षा स्टँडवर कोणीतरी दोन बोटं सुयांसारखी हलवून दाखवायचं. मुंबईत कामाला असलेले गणपतीला गावी आले की त्यांना आधी ही बातमी मिळायची.

मला लागलं नाही असं म्हणणार नाही. मी लपवायला लागलो. फाटकाची कडी वाजली की विणकाम गादीखाली. एकदा मीटर रीडिंग घेणारा आला. मी सुया पेपरखाली सरकवल्या आणि वर हात ठेवून बसलो. तो गेल्यावर बायको दारात उभी होती.

"काय चोरलंत?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मग लपवता काय? माझा बाप आयुष्यभर दारात बसून जाळी विणत होता. बुरोंडीत सगळे पुरुष विणतात. त्यांना कोणी काकी म्हटलेलं मी नाही ऐकलं."

"जाळ्याचं वेगळं. त्यात मासे मिळतात."

"आणि ह्यात तुम्हाला हात मिळाला," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

त्या दिवसानंतर मी लपवणं सोडलं. पडवीत बसत होतो तो पुढे सरकून पायरीवर बसायला लागलो. एसटीत विणलं. बँकेच्या रांगेत विणलं. सलूनमध्ये नंबर येईपर्यंत विणलं, आणि ज्याने काकी म्हटलं होतं त्याच्या शेजारी बसून विणलं. तो म्हणाला, "दाढीपण येते का हो काकींना?" मी म्हटलं, "येते. म्हणून तर इथे आले." सलूनवाला हसला, बाकीचेही हसले.

मुलगी त्या सुमारास शहरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागली. भावाने तिच्यासाठी स्थळ आणलं. केळशीकडचं घराणं, बाग होती, मुलगा शिकलेला. मुलीने फोटो बघितला, फोनवर त्याच्याशी दोनदा बोलली, आणि येऊ दे म्हणाली. आदल्या दिवशी भाऊ आमच्याकडे आला.

"उद्या तेवढं ते सामान आत ठेव."

"कुठलं?"

"तुला माहिताय कुठलं. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

मी विणत असलेलं त्याच्यासमोर धरलं. "दादा, दारू असती तर तू आत ठेव म्हटलं असतंस का? म्हणाला असतास, पुरुषमाणूस आहे, घेतो थोडी."

तो उठला आणि जाताना बायकोला म्हणाला, "तू तरी सांग ह्याला." बायकोने टोपलीकडे बघितलं. तिलाही त्या दिवशी सुया आत असत्या तर बरं वाटलं असतं, हे मला कळत होतं. मी ठेवल्या नाहीत. मुद्दाम काढूनही बसलो नाही. टोपली रोज असते तिथे ओटीवर होती.

ते पाचजण आले. पोहे झाले, चहा झाला, बागेचं बोलणं झालं. मुलाच्या आईची नजर टोपलीवर गेली. तिने कौतुकाने विचारलं, "कोण विणतं? सुनबाई?" म्हणजे माझी मुलगी.

"मी विणतो," मी म्हटलं.

भाऊ लगेच पुढे झाला. "त्याचा हात भाजला होता ना बोटीवर. डॉक्टरांचा सल्ला. बोटांच्या व्यायामासाठी."

मुलाच्या वडिलांनी मान डोलावली. "असं होय. बरोबर आहे." सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मी गप्प बसलो असतो तर ती गोष्ट तिथेच मिटली असती. पण माझ्याच घरात, माझ्याच ओटीवर, माझ्याबद्दल कोणीतरी माफी मागतंय असं मला वाटलं.

"हात केव्हाच बरा झाला," मी म्हटलं. "आता मी आवडतं म्हणून विणतो."

मुलाचे वडील सौम्यपणे म्हणाले, "आवड असू दे हो. आमचं काही म्हणणं नाही. फक्त लग्न झाल्यावर आमची माणसं येणार, जाणार. तेव्हा हे जरा आतल्या आत असलं तर बरं. लोकांना विषय नको."

मी काही बोलायच्या आत माझी मुलगी मुलाकडे वळली. "तुम्हाला काय वाटतं?"

मुलाने वडिलांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा वडिलांकडे. "बाबा म्हणतात ते..." एवढंच म्हणाला आणि थांबला.

"बरं," मुलगी म्हणाली, आणि रिकामे कप उचलून आत गेली. ती परत बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः त्या मुलाला फोन करून नकार कळवला.

वाडीत झालं ते वेगळं. बापाच्या सुयांपायी पोरीचं लग्न मोडलं. हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की ते खरं वाटायला लागलं. भावाने बोलणं टाकलं. बायको दोन दिवस माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी मी मुलीला गाठलं. ती स्कूटीला किक मारत होती.

"माझ्यासाठी तू..." मी सुरुवात केली.

"तुमच्यासाठी नाही, बाबा," ती तोडून म्हणाली. "त्याला मी प्रश्न विचारला आणि तो बापाकडे बघत राहिला. उद्या मी लॅबमधून उशिरा आले आणि कोणी काही बोललं, तरी तो तिकडेच बघेल. तुमच्या सुया मधे आणू नका. आणि खरं सांगू? मला रागपण आला होता तुमचा. एक दिवस ठेवली असतीत टोपली आत."

"ठेवू शकत होतो," मी म्हटलं.

"मग?"

"मग नाही ठेवली."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तेच ना," म्हणाली, आणि स्कूटी चालू करून गेली. त्यात माफी होती का राग, मला अजून सांगता येणार नाही. तिने अजून लग्न केलेलं नाही, आणि त्याबद्दल विचारलेलं तिला चालत नाही.

पुढच्या पावसाळ्यात फिजिओथेरपिस्ट बाईंचा फोन आला. हातखंब्याजवळच्या एका हॉटेलातला आचारी, कढईतलं तेल सांडून हात भाजलेला, जखम भरली होती पण त्याला शर्ट घालवत नव्हता. "तुमच्यासारखी बाही त्याला विणून द्याल?" मी दिली. मग एक शाळकरी मुलगी, फटाक्याने भाजलेली. मग एक बाई, जिने काय झालं ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माप घ्यायचं, डॉक्टर हो म्हणाले की विणायचं. त्या बाईने बाही घालून हात लांब केला, दुमडला, पुन्हा लांब केला आणि म्हणाली, "चावत नाही." एवढंच.

ही बातमी वाडीत गेली आणि हवा फिरली. रिक्षा स्टँडवरची बोटं थांबली. सलूनमध्ये मला खुर्ची मिळायला लागली. शिमग्याच्या आधी देवळाच्या सभामंडपात गावकीची बैठक असते, रविवारी सकाळी. मी नेहमीसारखा गेलो, खांबाला टेकून बसलो, विणत होतो. पालखीचं ठरलं, वर्गणीचं ठरलं. मग आमच्यातले एक वयस्कर गृहस्थ उठले. म्हणाले, आपल्या वाडीतला एक माणूस भाजलेल्यांची निःस्वार्थ सेवा करतोय, त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. टाळ्या पडल्या. भाऊ पलीकडच्या कोपऱ्यात बसला होता. दीड वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. आता सांगायला पुन्हा काहीतरी मिळालं होतं. आधी औषध, आता सेवा.

मी उठलो. हातात सुया तशाच होत्या.

"माझं थोडं ऐका," मी म्हटलं. "बाह्या मी देतो, देत राहीन. पण मी विणतो ते सेवा म्हणून नाही. उद्या कोणी भाजलं नाही, आणि देव करो कोणी न भाजो, तरी मी विणणारच. सत्कार करायचा तर पत्रिकेवर असं लिहा, की ह्या पुरुषाला विणायला आवडतं. तसं लिहिणार असाल तर शाल घेतो."

मंडपात हलकी कुजबुज झाली. वयस्कर गृहस्थ गोंधळले. "अरे बाबा, तसं कसं लिहिणार?"

"मग राहू दे," मी म्हटलं आणि बसलो.

मागून कोणीतरी म्हणालं, "माजलाय." कोणीतरी हसलं. सत्काराचा विषय बाजूला पडला आणि ढोलांच्या दुरुस्तीवर बोलणं सुरू झालं. भाऊ बैठक संपायच्या आधीच उठून गेला. तो अजून माझ्याशी बोलत नाही. गणपतीत आरतीला समोर उभा राहतो, प्रसाद हातावर ठेवतो, बोलत नाही. त्याचं मला वाईट वाटतं. रोज वाटतं. पण त्याने बोलावं म्हणून मी त्याला हवं ते कारण देणार नाही.

सध्या मी स्वतःसाठी एक शर्ट विणतोय, अर्ध्या बाह्यांचा. दोन्ही हात दिसतील असा. मुलीने दिलेल्या सुताचा रंग भडक आहे, पिकल्या रातांब्याचा, लालजांभळा. बायको म्हणाली, "ह्या वयात हा रंग?" मी म्हटलं, "ह्याच वयात." पाठ झाली आहे, पुढचा भाग गळ्यापर्यंत आलाय. गळ्याला टाके कमी करताना उजव्या हाताची करंगळी अजून अडते. मग तेवढे टाके मी उसवतो आणि परत विणतो.